वैद्यकातील सहवेदना व समावेशन आणि कलेची भूमिका : मराठी संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

कोणत्याही मोठ्या रुग्णालयातील सकाळच्या फेरीत रुग्णांचा उल्लेख बहुधा नावाने होत नाही. ‘बारा नंबरचे अपेंडिक्स’, ‘कोपऱ्यातली डायबेटिक’, ‘कालची पॉइझनिंगची केस’ अशी ती भाषा असते. शंभर-दीडशे रुग्ण एका दिवशी तपासावे लागणाऱ्या व्यवस्थेत ही लघुलिपी सोयीची असते आणि तिच्यामागे दुष्टपणा असतोच असे नाही. परंतु भाषा माणसाला जशी सोय देते, तशी सवयही लावते. रुग्णाला त्याच्या अवयवाने किंवा खाटेच्या क्रमांकाने ओळखण्याची सवय विद्यार्थिदशेत एकदा जडली, की समोरच्या माणसाचे सांगणे ऐकण्याची गरज हळूहळू वाटेनाशी होते.

या प्रश्नाची दखल भारतीय वैद्यकीय शिक्षणाने उशिरा का होईना घेतली आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती आणि संवाद या तीन अंगांचा ‘एटकॉम’ नावाचा अभ्यासघटक तयार केला आणि ऑगस्ट २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाबरोबर तो एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी लागू झाला. संवाद आणि नीती हे विषय अशा रीतीने वेळापत्रकात आले. मात्र सहवेदना ही व्याख्यानातून शिकवता येणारी गोष्ट आहे काय, हा प्रश्न उरतोच. येथे साहित्य, नाट्य, चित्रपट, चित्र या कलांचा संबंध येतो. हा संबंध नेमका कसा आहे, मराठी भाषा आणि मराठी कलाव्यवहार यांत त्यासाठी कोणती सामग्री उपलब्ध आहे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सहानुभूती, सहवेदना आणि सविकल्प समाधी :

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. ‘सहानुभूती’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहे. दुसऱ्याबरोबर अनुभव घेणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. परंतु प्रत्यक्ष वापरात तो दयेकडे झुकला. ‘सहानुभूतीपोटी नोकरी दिली’, ‘सहानुभूतीच्या लाटेवर निवडून आले’ असे आपण म्हणतो, तेव्हा देणारा वर आणि घेणारा खाली अशी पातळ्यांची विभागणी गृहीत धरलेली असते. म्हणूनच अलीकडे ‘समानुभूती’ किंवा ‘सहवेदना’ हे शब्द योजले जातात. रुग्णाचा अनुभव त्याच्या जागेवरून समजून घेणे आणि आपल्याला तो समजला आहे हे त्याच्यापर्यंत पोहोचवणे, अशा अर्थाने ‘सहवेदना’ हा शब्द येथे वापरला आहे.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की डॉक्टर प्रत्येक रुग्णाच्या दुःखात बुडू लागला, तर त्याचा हात शस्त्रक्रियेच्या टेबलावर थरथरेल. आक्षेप गंभीर आहे, पण मराठी साहित्यविचाराला तो नवा नाही. बडोदे येथे १९२१ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःची भूमिका सोडत नाही. दोन्ही भूमिकांचे भान एकाच वेळी राहते आणि वाङ्मयीन आनंदाचे मूळ याच दुहेरी भानात असते, असा त्या मांडणीचा आशय आहे. योगातील निर्विकल्प समाधीत ‘मी’ उरत नाही. वाचनातील समाधीत तो उरतो. केळकरांसमोर कादंबरी व नाटक यांचा वाचक-प्रेक्षक होता, रुग्णालय नव्हते. तरीही वैद्यकाला हवी असलेली सहवेदना नेमकी अशीच असावी लागते. रुग्णाची भीती डॉक्टरला कळली पाहिजे, पण तिने त्याचा ताबा घेता कामा नये. वैद्यकीय शिक्षणाविषयीच्या पाश्चात्त्य लेखनात सहवेदनेच्या भावनिक व बौद्धिक अंगांचा जो भेद केला जातो, त्याच्या बराच जवळ जाणारा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झाला होता. त्याचा उपयोग या दृष्टीने करून पाहिला गेला नाही, एवढेच.

कथा वाचताना किंवा नाटक पाहताना माणूस या दुहेरी भानाचा सराव करीत असतो. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण खरी मानली, तर सहवेदनेचा विषयच संपतो. कलेचा सारा व्यवहार मात्र न जळलेल्यालाही काही अंशी कळू शकते या गृहीतावर उभा आहे.

सहवेदनेची झीज :

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणारे विद्यार्थी मुळातच कोरडे असतात, असे मानण्यास आधार नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात मोहम्मद्रेझा होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ व २००४ मध्ये प्रवेश घेतलेल्या ४५६ विद्यार्थ्यांच्या सहवेदनेचे मापन केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिली दोन वर्षे फारसा बदल आढळला नाही. लक्षणीय घट तिसऱ्या वर्षी दिसली. हे तिसरे वर्ष म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णसेवेत उतरण्याचे वर्ष होय. ज्या टप्प्यावर सहवेदना वाढावी अशी अपेक्षा, त्याच टप्प्यावर ती झिजते, हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. असे मापन विद्यार्थ्यांच्या स्वतःविषयीच्या उत्तरांवर आधारलेले असते, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवली तरी त्याची दिशा दुर्लक्षिता येत नाही.

दुखण्याची भाषा :

महाराष्ट्रात या झिजेला आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा अभावानेच होते. विद्यार्थी वैद्यक इंग्रजीतून शिकतो. रुग्ण मात्र मराठीतून आजारी असतो. त्यातही ती मराठी प्रमाण असतेच असे नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली अशा बोलींतून रुग्ण आपले दुखणे सांगतात. पाठ्यपुस्तकात वेदनेला मोजकी विशेषणे आहेत. मराठीत दात ठणकतो, गळू ठुसठुसते, पोटात कळ येते किंवा मुरडा येतो, छातीत चमक निघते, जखम चरचरते, डोळे चुरचुरतात, पाय भरून येतात, हातांना मुंग्या येतात, काटा सलतो, भाजलेली जागा हुळहुळते. यांतील प्रत्येक क्रियापदात वेदनेची जागा, तिची लय आणि तीव्रता सामावलेली आहे. चमक क्षणात येऊन जाते. ठणका नाडीच्या ठोक्यासारखा येत राहतो. सल दिसत नाही, पण विसरूही देत नाही. ही माहिती निदानाच्याही उपयोगाची असते. केसपेपरवर मात्र या सर्वांचे भाषांतर ‘पेन’ या एका शब्दात होते.

काही शब्दप्रयोगांत तर रुग्णाचे सारे जगणे दडलेले असते. ‘अंगावर काढले’ असे एखादी स्त्री सांगते, तेव्हा ती केवळ विलंबाची नोंद करीत नसते. घरातील कामे, मजुरीचा खाडा, दवाखान्याचा खर्च आणि कोणाला सांगायचे याचा संकोच या साऱ्यांचा हिशेब त्या दोन शब्दांत असतो. ‘उशिरा का आलात?’ असे तिला खडसावणाऱ्या डॉक्टरला तो हिशेब ऐकू आलेला नसतो. ‘अंगावरून जाते’, ‘वारे गेले’, ‘पोटात गोळा उठतो’ हे प्रयोगही असेच. ते अज्ञानाचे नमुने म्हणून हसण्यावारी नेता येतात, तसेच अनुभवाची भाषा म्हणून समजूनही घेता येतात.

ऐकण्याने काय घडू शकते, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. इतक्या मोठ्या प्रमाणावर असलेले हे दुखणे तोपर्यंत आरोग्यव्यवस्थेला दिसले नव्हते, कारण ते कोणी विचारले नव्हते आणि विचारल्याशिवाय सांगितले जाणारही नव्हते. डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकात ग्रामीण स्त्रियांच्या याच न विचारलेल्या जगाचा शोध आहे. पुस्तकाचे हे नावच वैद्यकाने शिकण्यासारखे आहे. कानोसा घेणे म्हणजे केवळ ऐकणे नव्हे, तर उच्चारले न गेलेलेही टिपणे.

२०१९ च्या अभ्यासक्रमातील पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेसाठी वेळ राखून ठेवण्यात आला. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ परप्रांतीय विद्यार्थ्यांना कामचलाऊ वाक्ये शिकवणे इतकाच घेतला जातो. मराठी हीच मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यालाही दुखण्याची मराठी नव्याने शिकण्याची गरज असते. ग्रामीण व दलित साहित्यातील, तसेच आत्मकथनांतील आजारपणाची वर्णने हे त्यासाठीचे सर्वांत जवळचे साधन ठरू शकते.

चित्रपट : रुग्णाच्या बाजूने पाहणे :

मराठी चित्रपटात आजारपण पुष्कळ आहे, परंतु बहुतेक वेळा ते कथानकाला कलाटणी देण्यापुरते येते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे चित्रपट याला अपवाद आहेत. सुमित्रा भावे (१९४३-२०२१) मूळच्या समाजकार्याच्या अध्यापक व संशोधक. झोपडवस्तीतील स्त्रियांविषयीच्या संशोधनातून त्या ‘बाई’ (१९८५) या लघुपटाकडे वळल्या. आपला अभ्यास ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचावा ही त्यामागील निकड होती. संशोधनातून कलेकडे झालेला हा प्रवास त्यांच्या पुढील कामातही जाणवतो. छिन्नमनस्कता (‘देवराई’, २००४), पांढरे कोड (‘नितळ’, २००६), स्मृतिभ्रंश (‘अस्तु’, २०१३) आणि नैराश्य (‘कासव’, २०१७ मध्ये प्रदर्शित) हे विषय त्यांनी हाताळले. ‘कासव’ला २०१६ या वर्षासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

यांपैकी ‘नितळ’ आणि ‘अस्तु’ यांचा विचार येथे विशेष उपयुक्त ठरतो. ‘नितळ’ची नायिका नीरजा स्वतः नेत्रतज्ज्ञ आहे आणि तिच्या अंगावर कोड आहे. कोड संसर्गजन्य नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्याने हे डाग पडतात. हे वैद्यकीय ज्ञान उपलब्ध असूनही सुशिक्षित घरांतील भीती जात नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावाने तर कुष्ठरोगाशी नसलेले नातेही जोडून दिले. चित्रपटात सामाजिक तिरस्काराला सामोरी जाणारी व्यक्ती डॉक्टरच असल्याने रुग्ण म्हणजे नेहमी टेबलापलीकडचा कोणीतरी, ही सोयीची कल्पना टिकत नाही. माहिती असणे आणि स्वीकार करणे यांत केवढे अंतर असते, हे येथे दिसते. आरोग्यशिक्षणाचे फलक माहितीपाशी थांबतात. हा चित्रपट त्या अंतरात शिरतो.

‘अस्तु’मध्ये संस्कृतचे व्यासंगी निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. मुलीसोबत गाडीतून आलेले शास्त्री रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. ज्यांना आजाराचे नावही ठाऊक नाही, अशा त्या कुटुंबातील चन्नम्मा या वृद्धाला लेकरासारखे सांभाळते आणि शास्त्री तिला आई मानू लागतात. चन्नम्माची भाषाही वेगळी, कानडी वळणाची. दुसरीकडे सारी वैद्यकीय माहिती असलेल्या मुली, जावई व परिचित अपराधभाव, थकवा आणि काळजी यांत गुंतलेले आहेत. चित्रपट मुलीला दोषी ठरवीत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. शुश्रूषा करणाऱ्याचा शीणही त्याला दिसतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरसमोर बहुधा दोन माणसे बसलेली असतात आणि त्यांतील एकाचीच फाइल असते. दुसऱ्याकडे पाहण्याची दृष्टी हा चित्रपट देतो. या चित्रपटासाठी भावे यांना संवादलेखनाचा आणि अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शास्त्रींची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असून त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. ‘अस्तु’ व ‘कासव’ हे चित्रपट घेऊन ते ठिकठिकाणी गेले आणि प्रदर्शनानंतर प्रेक्षकांशी चर्चा करीत राहिले. ही चर्चा महत्त्वाची आहे. केवळ चित्रपट दाखवून दिवे लावले, तर डोळे पुसून विद्यार्थी उपाहारगृहाकडे जातात. करुण रसाचा आस्वाद घेणे आणि सहवेदना या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली दुसरीत आपोआप रूपांतरित होत नाही.

प्रेक्षकाने रंगमंचावर येणे :

या रूपांतरासाठी एक पद्धत ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१-२००९) यांच्या ‘शोषितांच्या रंगभूमी’ने दिली. तिच्यातील ‘फोरम थिएटर’ या प्रकारात एक लहान प्रसंग सादर होतो आणि अन्यायाच्या क्षणी थांबतो. तोच प्रसंग पुन्हा सुरू केला जातो. या वेळी प्रेक्षकांतील कोणीही ‘थांबा’ म्हणून शोषित पात्राची जागा घेऊ शकते आणि वेगळे वागून पाहू शकते. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २००९ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यक-मानव्यविद्या गटाने ही पद्धत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी वापरली. त्या गटाचे एक प्रवर्तक डॉ. सतेंद्र सिंह हे स्वतः अपंगत्व असलेले प्राध्यापक आहेत.

उदाहरणादाखल बाह्यरुग्ण विभागातील एक प्रसंग घेता येईल. कर्णबधिर स्त्री दिरासोबत आली आहे. डॉक्टर सर्व प्रश्न दिराला विचारतात. तो तिच्या वतीने उत्तरे देतो. पाळीविषयीच्या प्रश्नावर तो अडखळतो आणि प्रश्न सोडून दिला जातो. प्रसंग येथे थांबवला, की विद्यार्थ्यांना उपाय सुचू लागतात. दिराला बाहेर पाठवावे, कागदावर लिहून विचारावे, परिचारिकेची मदत घ्यावी. उपाय सुचवणे सोपे असते. त्या स्त्रीच्या खुर्चीत बसून तो करून पाहताना मात्र कळते, की तिला लिहिता-वाचता येत असेलच असे नाही आणि दीर बाहेर गेला तर घरी गेल्यावर तिला त्याचा जाब द्यावा लागू शकतो. हे दुसरे ज्ञान व्याख्यानातून येत नाही.

जलसा, भारूड, पथनाट्य यांची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला प्रेक्षकाला सामील करून घेणारा रंगमंच परका नाही. आरोग्यखात्याने पथनाट्याचा उपयोग पुष्कळ केला, परंतु तो प्रायः एकाच दिशेने, लोकांना शिकवण्यासाठी. डॉक्टरांना शिकवण्यासाठी त्याचा उपयोग करण्याची कल्पना त्यामानाने दुर्मीळच राहिली.

समावेशन : दवाखाना कोणासाठी?

समावेशनाचा प्रश्न सहवेदनेहून एक पाऊल पुढचा आहे. सहवेदना वैयक्तिक असते. समावेशनात रचना बदलावी लागते. येथेही कलादृष्टी कामी येते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. शल्यविशारद डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय मांडी घालून बसणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या आणि अनवाणी शेतात चालणाऱ्या माणसासाठी होता. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी केलेले आयात पाय येथे निरुपयोगी ठरत होते. त्या फरकाकडे कारागिराची नजर गेली. दुसरे उदाहरण पुन्हा गडचिरोलीचे. ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राम येथील रुग्णालयाची रचना आदिवासी पाड्यासारखी आहे आणि त्याला लोकांच्या इच्छेनुसार माँ दंतेश्वरीचे नाव आहे. मोठ्या इमारतीला आणि पांढऱ्या कोटाला बिचकणारा माणूस आत यावा, यासाठी वास्तूच बदलली गेली.

डॉक्टर कोणी व्हावे, हाही समावेशनाचाच प्रश्न आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. तरीही वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी टक्केवारीच्या निकषावर उमेदवार नाकारले जात राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ टक्केवारी पाहून उमेदवार अपात्र ठरवता येणार नाही, त्याची प्रत्यक्ष क्षमता तपासली पाहिजे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर राष्ट्रीय आयोगाने काढलेली अभ्यासक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे समलिंगी व्यक्तींविषयीच्या कालबाह्य उल्लेखांवर टीका झाल्याने काही दिवसांतच मागे घ्यावी लागली आणि सप्टेंबरमध्ये सुधारित तत्त्वे आली. पाठ्यक्रमाच्या भाषेत माणसे कशी वगळली जातात, याचा हा अगदी अलीकडचा दाखला होय.

काही मर्यादा :

कलेविषयी अतिरिक्त अपेक्षा बाळगणे योग्य नाही. उत्तम साहित्य वाचणारी माणसेही निर्दय वागू शकतात, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. येल विद्यापीठातील २००१ चा प्रसिद्ध प्रयोग याबाबतीत उद्बोधक आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांचे बारकाईने वर्णन करायला लावल्यावर त्यांची निरीक्षणक्षमता सुधारली, असे त्यात आढळले. तो दावा निरीक्षणाचा आहे, करुणेचा नाही. प्रयोगकर्त्यांनी मर्यादित ठेवलेला दावा नंतरच्या उत्साही मंडळींनी मात्र वाढवून सांगितला.

दुसरी अडचण व्यवस्थेची आहे. छत्तीस तास न झोपलेल्या निवासी डॉक्टरला सहवेदनेचे पाठ देणे, हे त्याच्यावरही अन्यायकारक आहे. खाटा, परिचारिका आणि वेळ यांची टंचाई कवितेने भरून निघत नाही. कला हा या टंचाईवरचा स्वस्त उतारा म्हणून पुढे केला जाऊ लागला, तर तिला विरोधच करावा लागेल.

तिसरी अडचण मूल्यमापनाची. अभ्यासक्रमात आलेल्या प्रत्येक गोष्टीला गुण द्यावे लागतात आणि गुण आले की विद्यार्थी अपेक्षित उत्तर लिहायला शिकतो. चित्रपट पाहून ‘मला रुग्णाचे दुःख जाणवले’ असे नोंदवहीत लिहिणे अवघड नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याने एका रुग्णाचे सांगणे त्याच्याच शब्दांत, त्याच्या बोलीत, भाषांतर न करता लिहून आणावे आणि ते वैद्यकाच्या व भाषेच्या अशा दोन्ही अध्यापकांनी त्याच्याबरोबर बसून वाचावे. जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय आणि कला महाविद्यालय बहुधा एकाच गावात असतात. त्यांच्यात आजवर देवाणघेवाण झाली ती मुख्यतः रक्तदान शिबिराच्या निमित्ताने.